घ्यावं की थांबावं?

संगणकासाठी ग्राफिक्स कार्ड घ्यायला निघालेल्या माणसाला एक सल्ला हमखास मिळतो : ‘‘थोडं थांबा, नवं येतंय.’’ हा सल्ला कितपत खरा, हे अलीकडच्याच इतिहासाला विचारून पाहू या.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरची चित्रं घडवणारा, संगणकाच्या पोटातला स्वतंत्र कारागीर. खेळ, ॲनिमेशन, व्हिडिओचं संपादन अशा कामांना तो लागतो. थांबण्याच्या सल्ल्यामागे गॉर्डन मूर यांचं भाकीत आहे. चिपवर मावणाऱ्या घटकांची संख्या दर वर्षी दुप्पट होईल, असं ते १९६५ साली म्हणाले. १९७५ साली ही मुदत त्यांनी दोन वर्षांची केली. ग्राहकानं त्यातून सोपा अर्थ काढला : उद्या त्याच पैशात जास्त मिळणार.

अनेकदा तसं घडलंही. एनव्हिडिया कंपनीनं २०१८ साली ‘आरटीएक्स २०८० टीआय’ हे कार्ड आणलं. त्याची जाहीर किंमत ९९९ डॉलरपासून पुढे होती. सप्टेंबर २०२० मध्ये त्याच कंपनीनं ‘३०७०’ जाहीर केलं, ४९९ डॉलरला. आणि ते ‘२०८० टीआय’हून वेगवान असल्याचा दावा केला. थांबलेले खूश झाले. काहींनी तर जुनं कार्ड विकूनही टाकलं.

पण नवी कार्डं दुकानात आली आणि पाहता पाहता संपली. कोविडच्या काळात घरोघरी संगणकांची मागणी वाढली होती, चिपचे कारखाने अपुरे पडत होते. त्यातच ‘इथेरियम’ हे आभासी चलन मिळवण्यासाठी लोक हीच कार्डं ढिगानं घेऊ लागले. २०२१ मध्ये काही कार्डं छापील किमतीच्या दुपटीनं विकली गेली. ज्यांनी हातचं सोडलं होतं, ते पळत्याच्या पाठीमागे धावत राहिले.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमची पद्धत बदलली आणि त्या कामासाठी कार्डांची गरजच उरली नाही. वापरलेली कार्डं बाजारात आली, भाव उतरले. आता पस्तावले ते चढ्या भावात घेणारे!

म्हणजे थांबणारा एकदा जिंकला, एकदा हरला, पुन्हा जिंकला. मूर यांचं भाकीत कारखान्यापुरतं होतं. दुकानातला भाव मात्र रांगेत आपल्यापुढे कोण उभं आहे, यावर ठरतो, आणि ते आधी कळत नाही.

मग करावं काय? भविष्याऐवजी आपल्या कामाकडे पाहावं. कार्डावाचून शिक्षण किंवा रोजगार अडला असेल, तर परवडेल ते आज घ्यावं. गेलेली दोन वर्षं कुठल्याही सवलतीत परत मिळत नाहीत. नुसती हौस असेल, तर खुशाल थांबावं. मात्र नवं हाती येईपर्यंत जुनं विकू नये.