‘रेस्टोरेशन’ जहाजाची हकीकत

भोर व वेल्हें या मुलुखांत दप्तरें धुंडाळणारास समुद्र परका वाटतो. वस्तुतः तो तसा नाहीं. वरंधा किंवा मढे घाट उतरतांच महाडची वाट लागते, महाड सावित्रीवर, आणि सावित्रीच्या मुखाशीं बाणकोट. हें बाणकोट इंग्रजांकडे कायमचें कसें गेलें, याच्या मुळाशीं एका जहाजाची हकीकत आहे.

‘रेस्टोरेशन’ हें मुंबईकर इंग्रजांचें लढाऊ जहाज. तोफा २०, माणसें सुमारें २००. आंगऱ्यांस आळा बसावा म्हणूनच तें सज्ज केलेलें. इ. स. १७४९ त तुळाजी आंगऱ्यानें गुराबा व गलबतें यांचा वेढा घालून तें पाडाव केलें. अशा जहाजाचा मारा दोन्ही कुशींकडून; पिछाडीस तें दुबळें, आणि आंगऱ्यांचीं तारवें नेमकीं तेथेंच लगट करीत. पुढें सात वर्षें तें आंगऱ्यांच्याच आरमारांत राहिलें.

पेशवे व तुळाजी यांचें बिनसलें होतेंच. १७५५ त पेशव्यांनीं इंग्रजांशीं तह केला. त्याच सालीं सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ त वॉटसनचें आरमार, क्लाइव्हची पलटण घेऊन, विजयदुर्गापुढें आलें. तुळाजी तेव्हां रामाजी महादेव यांच्याकडे बोलणीं करण्यास गेला होता. किल्ला परस्पर पेशव्यांस मिळेल या धास्तीनें वॉटसननें घाई केली. ता. १२ रोजीं भडिमार चालू असतां एक कुलपी गोळा ‘रेस्टोरेशन’वर पडून तें पेटलें. गुराबा एकमेकींस जखडलेल्या. आग पसरून सारें आरमार जळालें. इंग्रजांचें जहाज इंग्रजांच्याच गोळ्यानें पेटावें, हा योग विलक्षण खरा!

नानासाहेबांनीं मराठी आरमार बुडविलें असें सरसकट म्हणण्यांत येतें. आमच्या मतें आग लावण्याचा बेत त्यांचा नव्हता. बोलणीं तडीस जातीं तर जहाजें शाबूत हातीं येण्याचा संभव होता. परंतु परक्या आरमारास घरच्या भांडणांत आणिलें, हा दोष त्यांच्याकडे राहतोच. किल्ल्यांतील सुमारें १० लक्षांची लूट इंग्रजांनीं आपसांत वांटली, आणि ऑक्टोबर १७५६ च्या तहानें विजयदुर्ग परत देण्याच्या मोबदल्यांत बाणकोट कायमचें घेतलें.

तेव्हां भोर-वेल्ह्याकडील ज्या संग्राहकांपाशीं देशमुखी वा सचिवांकडील रुमाल असतील, त्यांनीं १७५५-५६ चे कागद घाटवाटा, बेगार व जकात या दृष्टीनें एकवार अवश्य चाळावे.