आगेऱ्याची कुळकथा

ऑक्टोबरचा पहिला रविवार हा मुंबईलगतच्या साष्टीतल्या ख्रिस्ती गावठाणांत आगेऱ्याचा दिवस. हळव्या भाताच्या पहिल्या लोंब्या विळ्याने कापायच्या, त्यांची पेंढी बांधायची, बँड आणि घुमटाच्या तालावर ती मिरवत चर्चमध्ये न्यायची. बायका चौकडीचं लुगडं नेसून पुढे चालतात. मिस्साच्या वेळी फादर लोंब्यांवर आशीर्वादाचं पाणी शिंपडतात आणि मग त्यातली एकेक लोंबी घराघरांत जाते. नवं पीक आधी देवाला, मग आपल्याला, एवढंच या सणाचं सांगणं.

हा सण पोर्तुगिजांनी आणला असं सर्रास बोललं जातं. माझ्या मते त्यांनी त्याला चर्चचा उंबरा दिला. सणाचं मूळ त्याहून जुनं, भाताच्या खाचरातलं आहे.

भाईंदर, राई, मुर्धे, उत्तन हा सगळा खाडीकाठचा मुलूख. भरतीचं पाणी बांध घालून अडवायचं, पावसाळ्यात गोड्या पाण्याने मीठ धुऊन निघालं की त्याच खार जमिनीत भात लावायचं, ही इथली शेती. मृगाच्या पावसावर पेरणी, आषाढात लावणी. भातं तीन तऱ्हेची. गरवं दिवाळीनंतरही शेतात उभं असतं, निमगरवं त्याच्या आधी निघतं, पण हळवं शंभर-एकशेदहा दिवसांत तयार होतं. म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीला, ऑक्टोबरच्या तोंडावर पहिला दाणा हाती लागतो. श्रावण-भाद्रपदात कणग्या तळाला गेलेल्या असतात, तेव्हा या पहिल्या दाण्याची किती वाट पाहिली जात असेल, हे रेशनच्या तांदळावर वाढलेल्या आपल्याला सांगून कळायचं नाही.

याच सुमारास कोकणात घरोघरी नवं बांधतात. भाताच्या लोंब्या, नाचणी-वरीची कणसं, कुरडूची फुलं, आंब्याची पानं यांची जुडी दाराला लागते. अश्विनातली पौर्णिमा तर नावानेच नवान्न पौर्णिमा आहे. आगेरा याच कुळातला. त्याची तारीख आधी भाताने ठरवली, पंचांग आणि चर्चचं कॅलेंडर नंतर आलं.

1534 च्या तहाने गुजरातच्या सुलतानाने वसई आणि साष्टीसकट हा मुलूख पोर्तुगिजांना दिला. फ्रान्सिस्कन धर्मगुरू आले. त्यांच्यातल्या अंतोनिओ द पोर्तुने इथून जवळच, बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांपाशी बस्तान बसवलं. गावंच्या गावं ख्रिस्ती झाली, पण शेत तेच राहिलं आणि पाऊसही तोच. जुन्या चालीरीतींवर चर्चची करडी नजर होती. गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, 1736 मध्ये काढलेल्या फर्मानात लग्नातली गाणी आणि अंगाला तेल-उटणं लावण्याच्या रीतींवरही बंदी घातली होती. मग नव्या धान्याची पूजा कशी टिकली? मला वाटतं, तिला बायबलचाच आधार मिळाला. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या 23 व्या अध्यायात पिकाची पहिली पेंढी याजकाकडे आणायला सांगितलं आहे. शेतकरी जे करतच होता, ते फादरांना आपल्या ग्रंथात सापडलं.

आता पहिल्या रविवारचं पाहू. सोळाव्या शतकात, 1571 मध्ये लेपांतोला ख्रिस्ती आरमाराने तुर्कांवर मिळवलेल्या विजयानंतर, पोपने रोझरीमातेचा सण ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ठरवून दिला. 1716 मध्ये तो साऱ्या कॅथॉलिक चर्चला लागू झाला आणि 1913 मध्ये 7 ऑक्टोबरला हलवला गेला. म्हणजे इथलं हळवं भात कापणीला यायचं, त्याच आठवड्यात पिढ्यान्पिढ्या मातेचा मोठा रविवार पडत होता. आगेरा त्या रविवारी येऊन बसला तो योगायोगाने, असं मला तरी वाटत नाही.

1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या मोहिमेत हा टापू मराठ्यांकडे आला. उत्तनजवळच्या धारावीच्या किल्ल्यावर लढाई झाली, मे महिन्यात वसई पडली. पोर्तुगीज गेले, शेतकरी आणि कोळी मागे राहिले आणि त्यांचे सण त्यांच्याबरोबर राहिले. पुढे 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला 50 वर्षं झाली तेव्हा, मुंबई, साष्टी, वसईच्या या मूळ ख्रिस्ती समाजाने ईस्ट इंडियन हे नाव घेऊन आपली संस्था काढली. गोवा आणि मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपली ओळख वेगळी राहावी म्हणून.

सुगीचा जुना सण नव्या धर्मात असा टिकून राहणं जगात इतरत्रही घडलं आहे. आयर्लंडमध्ये लुग देवाच्या नावाचा सुगीचा जुना सण ऑगस्टच्या आरंभी होत असे. ख्रिस्ती धर्म आला, तरी जुलैच्या शेवटच्या रविवारी लोक क्रोह पॅट्रिक डोंगर चढत राहिले, आता संत पॅट्रिकच्या नावाने. किलॉर्ग्लिन गावात 10 ते 12 ऑगस्टला आजही पक फेअर भरते आणि रानातला बोकड राजा म्हणून मिरवला जातो. त्या जत्रेची सनद 1613 ची आहे. तिथे जाणारे प्रवासी या तारखा धरून आपला दौरा आखतात. आपल्या भागातल्या सणांसाठी तसा दौरा कुणी आखत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आखायला काहीच अवघड नाही. भाईंदर पश्चिमेला उतरून बसने राई, मुर्धे, मोर्वे करत डोंगरी-उत्तनला जाता येतं. बोरिवलीकडून आलात, तर गोराईची खाडी ओलांडून यायचं. वाटेत उत्तनला वलांड्यांवर, म्हणजे बांबूंच्या मांडणीवर, बोंबील वाळत घातलेले दिसतील. धारावी देवीचं देऊळही इथलंच. सप्टेंबरात 8 तारखेनंतरच्या रविवारपासून वांद्र्याला माउंट मेरीची जत्रा, मग नवरात्र, आगेरा आणि कोजागिरी, असा महिना-सव्वा महिन्याचा कार्यक्रम इथल्या इथे होतो. वसईला जायचं असेल, तर 2024 पासून भाईंदरहून रो-रो बोटही आहे.

पण जे पाहायला जायचं, तेच आटत चाललं आहे. 1985 मध्ये मीरा-भाईंदर नगरपालिका झाली, 2002 मध्ये महापालिका. बांध फुटले, खाचरं बुजली, त्यावर इमारती उभ्या राहिल्या. उत्तन ज्यावर आहे त्या धारावी बेटाचे तर दोन वाटे झाले. गोराई-मनोरी मुंबईत गेली, उत्तन-डोंगरी मीरा-भाईंदरमध्ये राहिली. मिरवणूक, लुगडी, बँड हे सगळं हौसेने टिकेल. लोंबी मात्र बाजारातून आणून भागत नाही. आगेऱ्याला चार गुंठे का होईना, हळव्या भाताचं शेत लागतं.

म्हणून गावठाणांच्या पंचायतींना, चर्चच्या मंडळींना आणि महापालिकेला विनंती आहे. उद्यानांसाठी जागा राखता, तशी प्रत्येक गावठाणाला एक खाचर राखून ठेवा आणि शाळेतल्या मुलांकडून त्यात आषाढात लावणी करून घ्या. आणि वाचकहो, येत्या ऑक्टोबरचा पहिला रविवार मोकळा ठेवा. मिस्साची आणि मिरवणुकीची वेळ चर्चमध्ये आधी विचारून घ्या. कुणाच्याही घरचे असलात, तरी तुम्हाला तिथे परकं वाटणार नाही.