पांढऱ्या वाघांची झेप

चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला समुद्र तसा लांबचाच. तरी आपलं पाणी समुद्राला मिळतंच. चपराळ्याजवळ वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ ती गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. आणखीही एक धागा आहे. चामोर्शी, मुलचेरा या तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती आहेत. खुलना, बारिसाल ही नावं तिथल्या वडीलधाऱ्यांना नकाशात शोधावी लागत नाहीत. याच भागावर, याच उपसागरातून डिसेंबर १९७१ मध्ये आपल्या नौदलाच्या वैमानिकांनी हल्ले चढवले. त्यांचे म्होरके होते लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता.

गुप्ता ज्या तुकडीचे प्रमुख होते, ती नौदलाची ३०० क्रमांकाची तुकडी. तिचं बोधचिन्ह पांढरा वाघ. ताडोबाच्या मुलखात राहणाऱ्यांना हे ऐकून गंमत वाटेल, पण हे वाघ रानातले नव्हते. त्यांची गुहा होती ‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका, आणि पंजे म्हणजे ‘सी हॉक’ विमानं.

सी हॉकच्या मूळ नमुन्याने पहिलं उड्डाण केलं १९४७ साली. एक इंजिन, एकच वैमानिक, वेग ध्वनीपेक्षा कमी. १९६० च्या सुमारास आपण ती घेतली, तेव्हा ब्रिटिश नौदल आपल्या पहिल्या फळीतून ती काढत होतं. म्हणजे १९७१ मध्ये ही विमानं जुनीच होती. त्यांचं काम मात्र अवघड. उंचावरून लक्ष्याच्या दिशेने नाक खाली करायचं, सरळ त्याच्या अंगावर जायचं, नेम साधून बाँब किंवा रॉकेट सोडायचं आणि जमीन अंगावर येण्याआधी विमान वर खेचायचं. खालच्या तोफांना त्या काही क्षणांत विमान समोर येताना दिसत असतं. दुसऱ्या महायुद्धात खास अशा सूर मारणाऱ्या हल्ल्यासाठी वेगळी विमानं होती, ती जवळजवळ उभी खाली येत. १९७१ मध्ये हवाईदलाचे प्रमुख असलेले एअर चीफ मार्शल प्रतापचंद्र लाल यांनी तरुणपणी, १९४४ मध्ये, ब्रह्मदेशच्या आघाडीवर ‘व्हेन्जन्स’ नावाची तसलीच विमानं चालवली होती. सी हॉक तितकं उभं येत नसे. पण लाल यांच्या वैमानिकांना परतायला जमिनीवरची धावपट्टी होती. गुप्तांना परतायचं होतं ते हलत्या, डोलत्या डेकवर. विमानाच्या शेपटीखालचा आकडा तिथे आडव्या ताणलेल्या तारेत अडकला तर ठीक, नाहीतर पुन्हा उड्डाण करून फेरी मारायची. आणि टाकीत इंधन किती उरलंय त्यावर किती फेऱ्या ते ठरायचं.

खरी अडचण त्याहून वेगळीच होती. १९६५ च्या युद्धात विक्रांत मुंबईत दुरुस्तीला होती, त्यामुळे एवढ्या खर्चाच्या जहाजाचा उपयोग काय, हा प्रश्न तेव्हापासून नौदलाला टोचत होता. १९७१ साली युद्ध जवळ आलं, तर तिच्या चारांपैकी एका बॉयलरला तडे गेलेले. पूर्ण वेग घेता येईना. विमानवाहू जहाजाला वेग लागतो तो कुठे लवकर पोचायला नव्हे. समोरून येणारा वारा आणि जहाजाचा वेग यांची बेरीज होते, तेव्हा विमानाला डेकवरून उठायला आणि उतरायला आधार मिळतो. डिसेंबरात त्या भागात वारा मंद. जहाज सावकाश, वारा नाही आणि विमानाच्या पोटाखाली बाँब! कागदावर हे गणित कुणालाही नको वाटेल. पण पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी विक्रांतला वगळायला नकार दिला. जहाजाचे कप्तान होते स्वराज प्रकाश. कमी वेगातही विमानं उडवता येतात, हे आधी समुद्रात प्रत्यक्ष करून पाहिलं गेलं. युद्ध तिथेच निम्मं जिंकलं होतं, असं मला वाटतं.

पाकिस्तानची पाणबुडी ‘गाझी’ विक्रांतच्याच शोधात होती. विक्रांत अंदमानात दडवून ठेवलेली, आणि ती विशाखापट्टणमजवळच असल्याचा देखावा उभा केलेला. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली. ४ तारखेला आठ सी हॉक विक्रांतवरून उठली आणि कॉक्स बझारच्या विमानतळावर तुटून पडली. त्याच दिवशी चितगावची पाळी आली. नंतरच्या दिवसांत चितगाव, खुलना, मोंगला इथली बंदरं, जहाजं, धावपट्ट्या यांवर हल्ले होत राहिले; रात्री अलिझे विमानं जायची. समुद्रमार्गे कुमक येण्याचा आणि पाकिस्तानी फौजेला निसटण्याचा रस्ता बंद झाला.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. या वैमानिकांची आकाशात शत्रूच्या विमानांशी गाठ पडली नाही. पूर्वेकडे पाकिस्तानची सेबर विमानांची एकच तुकडी होती, आणि आपल्या हवाईदलाने ढाक्याच्या धावपट्ट्या फोडून ती जमिनीवरच अडकवली होती. मारा होता तो खालच्या तोफांचा. गुप्ता स्वतः पुढे राहून पुन्हा पुन्हा गेले, विमानाला मार बसूनही जहाजावर परतले. विक्रांतवरून गेलेलं एकही विमान या हल्ल्यांत गमावलं नाही.

त्या युद्धात नौदलाच्या आठ जणांना महावीर चक्र मिळालं. गुप्ता आणि कप्तान स्वराज प्रकाश हे दोघेही त्यांत आहेत. ‘खुकरी’सोबत जलसमाधी घेणारे कॅप्टन मुल्ला सर्वांना ठाऊक असतात, मुक्तिवाहिनीच्या पाणबुड्यांना तयार करणारे आपले कमांडर सामंत मराठी वाचकांना थोडेफार माहीत असतात. गुप्तांचं नाव फारसं कुणी घेत नाही. नौसेना पदकही त्यांच्या नावावर आहे, आणि पुढे ते कमोडोर झाले.

विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षं तिचं संग्रहालय होतं, ते २०१२ मध्ये बंद पडलं आणि २०१४ मध्ये दारूखान्यात तिचं भंगार झालं. सी हॉक मात्र गोव्यात, वास्कोजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात उभं आहे. पांढऱ्या वाघांच्या तुकडीकडे १९८३ मध्ये सी हॅरियर आली आणि २०१६ मध्ये तीही गेली. त्या जागी आली मिग-२९ के. बोधचिन्ह तेच राहिलं.