आगीतली काच, चिखलातला खडक

अग्निज खडक कठीण आणि टिकाऊ, गाळाचे खडक मऊ आणि अल्पजीवी, हे वाक्य शाळेत पाठ होते ते जन्मभर मनातून जात नाही. त्यातला कठीणपणा मला मान्य आहे. ऑब्सिडियन, म्हणजे ज्वालामुखीची नैसर्गिक काच, शेल या चिखलाच्या गाळातून बनलेल्या खडकावर घासली तर ओरखडा शेलवरच उठतो. शेलचे पापुद्रे पुष्कळदा नुसत्या बोटांनी सुटतात. पण कठीण म्हणून टिकाऊ, ही उडी चुकीची आहे.

वयेच पाहा. जगात सापडणारा ऑब्सिडियन बहुतेक सगळा गेल्या साडेसहा कोटी वर्षांतला. त्याहून जुना क्वचितच. त्याआधी ज्वालामुखी नव्हते असे थोडेच आहे? काच होती, ती राहिली नाही. उलट सोन नदीच्या खोऱ्यातला, विंध्य समूहाच्या तळाकडचा रामपूर शेल सुमारे १६० कोटी वर्षांचा आहे, आणि तो अजून शेलच आहे. कॅनडातल्या बर्जेस शेलमध्ये चार्ल्स वॉलकॉट यांना १९०९ साली मऊ अंगाच्या सागरी जीवांचे ठसे मिळाले, तेही ५० कोटी वर्षांपूर्वीचे.

याचे कारण घडणीत आहे. ऑब्सिडियनच्या लाव्हात सिलिका सहसा सत्तर टक्क्यांहून अधिक. तो इतका चिकट, की झटकन निवताना अणूंना शिस्तीत बसायला सवडच मिळत नाही आणि स्फटिक बनायचे राहून जातात. ते अर्धवट काम पुढे हळूहळू चालूच राहते: काळ्या काचेत उमटणारी पांढरी फुले ही क्रिस्टोबालाइटची, स्फटिकांचीच. शिवाय पाणी पृष्ठभागातून आत मुरते. पुष्कळ मुरले की काचेला कांद्यासारख्या गोल भेगा पडून तिचे पर्लाइट होते. १९६० साली फ्रीडमन आणि स्मिथ यांनी ऑब्सिडियनच्या हत्यारांचे वय काढण्याची पद्धत मांडली, ती या मुरलेल्या थराची जाडी मोजूनच. हत्याराची धार हाताला शाबूत लागते, तेव्हाही हा क्षय चालू असतो.

शेल मुख्यतः चिकणमातीचा. फेल्स्पारसारखी खनिजे पाण्याने कुजली की ही माती उरते. पाण्याने जे न्यायचे ते आधीच नेलेले. आता त्याला तिच्यातून घेण्यासारखे फारसे उरत नाही.

कोणी म्हणेल, उघड्या उतारावर शेल भराभर झडतो. खरे आहे, तिथे काच वरचढ ठरेल. पण पुरलेला शेल युगानुयुगे शेल राहतो. पुरलेल्या काचेची भूजलापासून सुटका नाही.

आणि सह्याद्रीचा कातळ? तोही अग्निजच ना, हा आक्षेप वजनदार आहे. पण वेरूळचे कैलास लेणे ज्या बेसाल्टात कोरले, तो फेल्स्पार आणि पायरॉक्सीनच्या घट्ट विणलेल्या स्फटिकांचा. तो टिकला तो आगीमुळे नव्हे, या विणीमुळे. दख्खनच्या त्याच लाव्हाच्या कडांना घाईने निवून जी काच झाली होती, तिची सुमारे ६.६ कोटी वर्षांत बहुतांशी माती झाली.

जुन्या शेलच्या थरांत कधी कधी बेंटोनाइटचा फिकट, बोटभर पट्टा दिसतो. कुठल्याशा ज्वालामुखीची राख समुद्रात पडली होती. तिच्यातल्या काचेच्या कणांची ती चिकणमाती.