मधली फट

गेल्या रविवारी आम्ही तिघं मित्र पहाटे पाचला पुण्याहून निघालो आणि महाबळेश्वरजवळच्या मांघरला पोचलो. मे २०२२ मध्ये या गावाला देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर केलं गेलं. इथे घरोघरी पेट्या आहेत.

तिथल्या एका काकांनी पेटी उघडली, आतली लाकडी चौकट दोन बोटांनी अलगद वर घेतली. माश्यांनी गच्च भरलेली, पण कुठेही चिकटलेली नाही! मी तिथेच अडकलो.

कारण या ‘अलगद’मागे मोठी गोष्ट आहे. पूर्वी युरोपात गवताच्या टोपल्यांमध्ये माश्या पाळायचे आणि मध काढताना गंधकाचा धूर देऊन अख्खी वसाहत मारायचे. १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथ नावाच्या एका पाद्र्याने एक फट हेरली. साधारण ६ मिलिमीटरपेक्षा कमी जागा असेल तर माश्या ती डिंकासारख्या चिकट पदार्थाने बुजवतात, ९ च्या वर गेली तर तिथे पोळं बांधतात. मधली जागा मात्र ये-जा करायला मोकळी ठेवतात. त्याने चौकटीच्या चारही बाजूंना तेवढीच फट सोडली. बस्स! १८५२ मध्ये पेटंट मिळालं, पण लोकांनी सर्रास कॉपी मारली आणि बिचारा कोर्टकचेऱ्यांतच अडकला. पुढे १८६५ मध्ये ऱ्हुश्काचं मधयंत्र आलं. चौकट गरगर फिरवून मध काढायचा आणि रिकामं पोळं परत माश्यांना द्यायचं.

आपली सातेरी माशी युरोपातल्या माशीपेक्षा लहान, तिची वसाहतही लहान. तिला ती मोठी पेटी कशी चालणार? १९११ ते १९१७ च्या काळात दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी तिच्या मापाची छोटी पेटी बनवली. तीच न्यूटन पेटी. (नाही, सफरचंदवाला नाही!)

आता माझी गोष्ट. वेल्ह्याकडे आमच्या गावी आजोबा झाडाची ढोली फोडायचे, धूर करायचे, पोळं ओढून फडक्यात पिळायचे. त्यात अळ्याही पिळल्या जायच्या. आम्ही पोरं बोटं चाटत उभे. वसाहतीचं पुढे काय झालं, हे मी कधी विचारलंच नाही.

काकांना हे सांगताना जरा ओशाळलो. ते हसले. “आमचे वडीलपण तेच करायचे. पाणवठ्यावरून माशी कुठं उडते ते बघून ढोली शोधायचे. मी त्यांच्याकडनंच शिकलो.”

“म्हणजे पेटीतल्या माश्या...?”

“ढोलीतनंच आणलेल्या. पोळं पिळायचं नाही, नीट कापून चौकटीला केळीच्या सोपटानं बांधायचं. राणी आत गेली की बाकीच्या येतातच. मग त्याच पोळं चिकटवून घेतात, आणि सोपट कुरतडून बाहेर टाकतात.”

त्यांनी पेटीच्या दाराशी बोट दाखवलं. खाली सोपटाचे बारीक तुकडे पडले होते.