जुन्या मोटारीचे मोल

घोड्यांच्या बाजारात जाणारा जाणता माणूस प्रथम जनावराचे तोंड उघडून दात पाहत असे. अंगावरचे भोवरे शुभ की अशुभ, गळ्याशी देवमण आहे की नाही, याचा विचार नंतर. रंग, तुकतुकी आणि ऐट ही विकणाऱ्याच्या हातची असतात. चार दिवस खरारा आणि चंदी मिळाली की उतारवयाचा घोडाही तरणा दिसू लागतो. दात मात्र सहसा खोटे बोलत नाहीत. पुढे मोटार आली आणि घोडा मागे पडला, परंतु खरेदीदारापुढचा प्रश्न तोच राहिला. समोर दिसते आहे ते खरोखर काय आहे, आणि त्यासाठी किती द्रव्य मोजावे? साठ, ऐंशी, शंभर वर्षांच्या उंची मोटारीपुढे उभे राहिल्यावर या प्रश्नाला इतिहासाचे स्वरूप येते. तेथे गिऱ्हाइकाला व्यापाऱ्याइतकेच संशोधकाचेही काम करावे लागते.

अशा मोटारींना ‘व्हिंटेज’ म्हणण्याचा प्रघात आहे. हा शब्द मुळात द्राक्षांच्या हंगामाचा आणि त्या हंगामातून निघालेल्या मद्याचा. इंग्लंडात १९३४ साली स्थापन झालेल्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबने पहिल्या महायुद्धानंतरच्या काळापासून १९३० अखेरपर्यंत बांधलेल्या मोटारींना हे नाव दिले. भारतात २०२१ मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनी ही कक्षा रुंदावली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेले आणि मूळ स्वरूपात राखलेले दुचाकी वा चारचाकी वाहन आता ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. या नियमांत वयाबरोबरच आणखी एक अट आहे. वाहनाचा मूळ सांगाडा, त्यावरची बॉडी आणि इंजिन यांत भरीव फेरफार झालेला नसावा. म्हणजे कायद्यालाही केवळ वय पुरेसे वाटत नाही. त्याला वस्तूची ओळख पटवून हवी असते.

ही ओळख पटवणे किती गुंतागुंतीचे आहे, हे कळण्यासाठी एका नामांकित मोटारीचे उदाहरण घ्यावे. रोल्स-रॉइस कंपनीने १९०६ साली लंडनच्या ऑलिंपिया प्रदर्शनात आपली नवी सहा सिलिंडरांची मोटार मांडली. तिचे व्यापारी नाव होते ‘फोर्टी-फिफ्टी’. पुढच्या वर्षी यांपैकी एका गाडीला चंदेरी रंग आणि चांदीचा मुलामा दिलेले साज चढवून कंपनीचे व्यवस्थापक क्लॉड जॉन्सन यांनी तिला ‘सिल्व्हर घोस्ट’ हे नाव दिले. लंडन आणि ग्लासगो यांच्या दरम्यान ती रात्रंदिवस धावत राहिली. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांच्या देखत सुमारे पंधरा हजार मैल पुरे झाल्यावर ती पूर्णपणे उकलण्यात आली. प्रत्येक भाग मोजून, झिजलेला तेवढा बदलून गाडी पुन्हा नव्यासारखी करायची, असे ठरले होते. या भागांचा खर्च आला दोन पौंड, दोन शिलिंग आणि सात पेन्स. त्या वेळी गाडीच्या नुसत्या सांगाड्याची किंमत ९८५ पौंड होती. मोटारीची पारख कशी करावी, याचा हा आरंभीचा आदर्श पाठ होय. धाव पाहावी, मग उकलून पाहावे, आणि मग आकडा मांडावा.

तथापि या प्रसंगातच पुढच्या सर्व घोटाळ्यांचे बीजही आहे. कंपनी विकत असे तो केवळ सांगाडा: चाके, इंजिन, गिअर, रेडिएटर आणि त्यांना धरून ठेवणारी पोलादी चौकट. त्यावरची बॉडी ग्राहकाने बार्कर, हूपर यांसारख्या, पूर्वी घोड्यांच्या बग्ग्या बांधणाऱ्या कारागिरांकडून निराळी करून घ्यावयाची असे. अर्थातच एका सांगाड्यावर आयुष्यभर एकच बॉडी राहील, याची हमी नव्हती. उन्हाळ्यासाठी उघडी आणि हिवाळ्यासाठी बंदिस्त अशा दोन बॉड्या बाळगणारे श्रीमंत होते. महायुद्धात याच सांगाड्यांवर चिलखती गाड्या उभ्या राहिल्या. युद्धानंतर जुन्या झालेल्या कित्येक गाड्यांचे रूपांतर शववाहिकांत किंवा बिघडलेल्या मोटारी ओढून नेणाऱ्या गाड्यांत झाले. १९०६ ते १९२६ या काळात इंग्लंड आणि अमेरिका मिळून सुमारे आठ हजार ‘फोर्टी-फिफ्टी’ बांधल्या गेल्या. आज त्यांपैकी एखादी विक्रीस येते तेव्हा तिचा सांगाडा एका वर्षाचा, इंजिन दुसऱ्याचे आणि बॉडी कालपरवाची, असे सहज संभवते.

म्हणून जाणता ग्राहक प्रथम गाडीकडे पाहत नाही. तो कागद मागतो. प्रत्येक सांगाड्याला आणि प्रत्येक इंजिनाला कारखान्यात स्वतंत्र क्रमांक मिळाला होता. गाडी कोणासाठी मागवली, बॉडी कोणी बांधली, ती ताब्यात केव्हा दिली, याच्या नोंदी ठेवल्या जात. इंग्लंडातील रोल्स-रॉइस एन्थुझिअस्ट्स क्लबने अशा नोंदींचे जतन केले आहे. या नोंदी, जुनी नोंदणी-पुस्तके, दुरुस्तीची बिले, मालकांची पत्रे आणि कुटुंबाच्या संग्रहातील छायाचित्रे एकत्र मांडली की गाडीचे चरित्र तयार होते. त्यात वीस वर्षांचा खंड आढळला, तर त्या वीस वर्षांत गाडी कोठे होती, हा पहिला प्रश्न.

त्यानंतर धातूची साक्ष. चौकटीवरचा क्रमांक कानशीने घासून पुन्हा ठोकला आहे काय, अक्षरांची घडण त्या काळची आहे काय, इंजिनावरचा क्रमांक नोंदीशी जुळतो काय, हे भिंगाने पाहावे लागते. कालनिर्णयाच्या खुणा इतरही आहेत. रेडिएटरवर पुढे झुकलेली सुप्रसिद्ध मूर्ती शिल्पकार चार्ल्स साइक्स यांनी १९११ मध्ये घडवली. १९०८ च्या म्हणून दाखवलेल्या गाडीवर ती दिसली तर ती मागाहून बसवलेली आहे. विजेवर चालणारा स्टार्टर या गाड्यांना महायुद्धानंतर मिळाला. पुढच्या चाकांना ब्रेक आले ते १९२४ च्या सुमारास; त्यापूर्वी ब्रेक फक्त मागच्या चाकांना. परंतु अशी प्रत्येक विसंगती म्हणजे फसवणूक नव्हे. जुन्या मालकांनी सोयीसाठी सुधारणा करून घेतल्या होत्या आणि त्याही गाडीच्या इतिहासाचाच भाग आहेत. बदल झाला की नाही, यापेक्षा तो कधी, कोणी आणि का केला हे सांगता येते की नाही, याला महत्त्व अधिक.

शरीराची तपासणी यानंतर. बॉडीचा आतला सापळा बहुधा ॲश नावाच्या लाकडाचा आणि त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा. रंग कितीही आरशासारखा असो, आतले लाकूड कुजले असेल तर दार उघडताच ते खाली झुकते आणि बंद करताना उचलावे लागते. ॲल्युमिनियमला लोहचुंबक चिकटत नाही. चिकटलाच तर तेथे पोलादाचे ठिगळ आहे. इंजिनाच्या बाबतीत दक्षता आणखी मोठी. या गाडीचे सहा सिलिंडर तीन-तीनच्या दोन ठोकळ्यांत ओतलेले असून त्यांचा शिरोभाग निराळा काढता येत नाही. त्यामुळे पाण्याच्या पोकळीतून सिलिंडरला तडा गेला असेल, तर उपाय एकच: नवा ठोकळा ओतणे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग किंवा बुडबुडे दिसणे म्हणूनच अशुभ चिन्ह. इंजिन ग्राहक येण्यापूर्वीच तापवून ठेवलेले असेल, तर ते थंड होऊ द्यावे आणि मगच सुरू करावयास सांगावे. म्हाताऱ्या यंत्राची खरी दुखणी पहाटेच्या गारठ्यात बोलतात.

आता किमतीचा हिशोब. त्याच वर्गाच्या, त्याच काळातील गाड्यांना अलीकडच्या जाहीर लिलावांत काय मिळाले, हा पाया. त्यातून दुरुस्तीचा खर्च वजा करावयाचा. तो करताना अंदाजाचा आकडा वाढवूनच धरावा, कारण उकलल्यावर काय निघेल हे उकलल्याशिवाय कळत नाही. मग येतो असा घटक, ज्याला तराजू नाही: गाडी किती प्रमाणात ‘तीच’ राहिली आहे. येथे बाजाराने स्वतःलाच कसे चकवले, हे पाहण्यासारखे आहे. अनेक वर्षे उघड्या, खेळकर बॉडीच्या गाड्यांना अधिक भाव मिळे. म्हणून लोकांनी जड, बंदिस्त, राजेशाही बॉड्या उतरवून टाकल्या आणि जुन्या नमुन्यावर नव्या उघड्या बॉड्या चढवल्या. पुढे २०१२ मध्ये इंग्लंडातील गुडवुड येथे बॉनहॅम्स संस्थेच्या लिलावात १९१२ ची एक ‘फोर्टी-फिफ्टी’ विक्रीस निघाली. बार्करने बांधलेली तिची बंदिस्त बॉडी शंभर वर्षे जागेवरच होती. तिला ४७,०५,५०० पौंड मिळाले. रोल्स-रॉइसला लिलावात तोवर मिळालेली ती सर्वोच्च किंमत. जे भंगार म्हणून फेकले गेले होते, तेच दुर्मीळ झाल्यावर सर्वांत मोलाचे ठरले.

‘तीच गाडी’ म्हणजे काय, हा प्रश्न एकदा न्यायालयापुढेही गेला. रोल्स-रॉइसने १९३१ मध्ये विकत घेतलेल्या बेंटली कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ ही शर्यतीची मोटार १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे भाग शर्यतीगणिक बदलत गेले. १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या मैदानावर ती कोसळली, चालक क्लाइव्ह डन्फी प्राणास मुकले, आणि गाडी पुन्हा नव्या रूपात बांधली गेली. १९९० मध्ये तिचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला. परंतु ही ती गाडी नव्हेच, असे म्हणून खरेदीदाराने माघार घेतली. लंडनच्या उच्च न्यायालयात न्यायमूर्ती ऑटन यांनी तज्ज्ञांच्या साक्षी ऐकल्या. ल मान्स जिंकणारा धातू आज फारच थोडा उरला आहे, हे त्यांनी मान्य केले. तरीही गाडी कोणत्याही क्षणी नाहीशी झाली नव्हती. एक भाग गेला, दुसरा आला. परंतु चरित्राचा धागा तुटला नाही आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडीही नव्हती. म्हणून तिची ओळख अस्सल ठरली आणि सौदा ग्राह्य धरला गेला. गावची नदी दर पावसाळ्यात नवे पाणी वाहून नेते, तरी नाव तेच राहते. त्यातलाच हा न्याय.

भारताच्या दृष्टीने या चर्चेला विशेष अर्थ आहे. १९०८ मध्ये ‘पूर्वेचा मोती’ असे नाव दिलेली एक ‘फोर्टी-फिफ्टी’ मुंबई–कोल्हापूर मार्गावरच्या चाचणीत सह्याद्रीचे घाट चढून उतरली आणि पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती विकत घेतली. त्यानंतर संस्थानिकांच्या पागा मोटारींनी भरत गेल्या: शिकारीच्या गाड्या, मिरवणुकीच्या गाड्या, राण्यांसाठी पडद्याच्या गाड्या. संस्थाने विलीन झाली, १९७१ मध्ये तनखे बंद झाले, आणि पेट्रोल व नोकरचाकर परवडेनासे झाल्यावर या गाड्या मातीमोल किमतीला निघाल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या बोटी भरून नेल्या; काही सुट्या भागांसाठी मोडल्या गेल्या. पुढे सरकारने निर्यातीवर निर्बंध घातले. तोवर बरेच काही गेले होते. राजकोटच्या ठाकूरसाहेबांसाठी १९३४ मध्ये थ्रप अँड मेबर्ली यांच्या बॉडीसह तयार झालेली ‘स्टार ऑफ इंडिया’ साठच्या दशकात अशीच देशाबाहेर गेली. २०१० मध्ये त्याच घराण्याने ती परत विकत घेतली. विकताना पाहिली होती ती जुनी, खर्चीक मोटार; परत आणताना मोजावा लागला तो गमावलेल्या इतिहासाचा भाव.

या साऱ्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. खरेदीदार ज्या गोष्टीला भाव देतो, तीच गोष्ट पुढच्या पिढीसाठी टिकते. त्याने चकाकीला पैसे मोजले की विकणारे जुना रंग खरवडून नवा चढवतात आणि खऱ्या खुणा त्या खरवडीबरोबर जातात. त्याने बॉडीच्या प्रकाराला पैसे मोजले की मूळ बॉडी भंगारात जाते. परंतु त्याने पिवळ्या पडलेल्या बिलाला, झिजलेल्या मूळ कातड्याला आणि जुळणाऱ्या क्रमांकाला भाव दिला, तर एखाद्या जुन्या वाड्याच्या पेटीत पडलेली मोटारीची कागदपत्रे रद्दीत जात नाहीत. भारतातील कित्येक जुन्या गाड्यांचे कागद अद्याप अशाच पेट्यांत आहेत. त्या गाड्या पाहावयास जाणाऱ्याने हुड उचलण्यापूर्वी त्या पेटीची चौकशी करावी. गाडीच्या किमतीचा मोठा भाग बहुधा तेथेच असतो.