अणुभट्टीचे जागले

आपल्या गावगाड्यात जागल्या म्हणून एक मनुष्य असे. गाव निजला म्हणजे त्याने जागावयाचे, गस्त घालावयाची, आणि चोर किंवा आग दिसताच हाक मारून लोकांस उठवावयाचे, हे त्याचे काम. त्याच्या हाकेने कोणाची झोप मोडली असता तो कुरकुरत असेल. परंतु हाक मारली म्हणून जागल्याचा धान्याचा वाटा बंद झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. कारखान्यातील किंवा कचेरीतील दोष धन्याची भीड न बाळगता उघड करणाऱ्या मनुष्यास इंग्रजीत शिट्टी वाजविणारा म्हणतात. त्यास अलीकडे मराठीत जागल्या म्हणू लागले आहेत. हा शब्द ज्याने प्रथम योजिला त्याचे आम्हांस कौतुक वाटते, कारण नव्या जागल्याची स्थिती जुन्याच्या किती उलट आहे, हे त्या एका शब्दाने ध्यानात येते. जुन्यास हाकेबद्दल वेतन मिळे. नव्याचे वेतन हाकेपायी जाते.

हा प्रश्न सर्वच धंद्यांत आहे. पण अणुशक्तीच्या कारखान्यात त्यास निराळेच गांभीर्य येते. गिरणीचा धूर गावास दिसतो. रसायनाचे पाणी नदीत उतरले तर मासे मरतात आणि कोळी ओरड करतात. किरणोत्सारास मात्र रंग नाही की वास नाही, आणि भट्टीच्या पोटातील चीर बाहेरच्यास दिसणे शक्यच नाही. ती दिसते यंत्र घेऊन आत फिरणाऱ्या तपासनिसास, किंवा प्रयोगशाळेत टेबल पुसणाऱ्या बाईस. सरकारी निरीक्षक असतात खरे. पण त्यांचाही पुष्कळसा भरवसा कंपनीने लिहिलेल्या नोंदवह्यांवरच असतो. तेव्हा त्या आतल्या मनुष्याने तोंड उघडावे आणि उघडले असता त्याची भाकरी जाऊ नये, ही तजवीज भोवतालच्या वस्तीच्या रक्षणासाठीच करावी लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी ती कायद्याने केली. परंतु हा कायदा एका बैठकीत तयार झाला नाही. त्यात तुकडे जोडीत जावे लागले, आणि बहुतेक तुकडा जोडण्यापूर्वी कोणातरी मनुष्याने त्याच्या अभावाची किंमत दिलेली होती.

त्यांत पहिले नाव कॅरन सिल्कवुड हिचे. ओक्लाहोमा संस्थानात क्रेसेंट गावाजवळ कर-मगी कंपनीचा प्लुटोनियमच्या इंधनशलाका करण्याचा कारखाना होता. तेथे ही तरुणी १९७२ साली प्रयोगशाळेत कामास लागली. १९७४ साली युनियनच्या वाटाघाट समितीवर तिची निवड झाली व कामगारांच्या आरोग्याची चौकशी तिच्याकडे आली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ती वॉशिंग्टनला जाऊन अणुशक्ती आयोगापुढे उभी राहिली. शलाकांचे सांधे तपासण्यासाठी घेतलेली छायाचित्रे खाडाखोड करून निर्दोष दाखविली जातात, हा तिचा सर्वांत गंभीर आरोप. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिच्या अंगावर प्लुटोनियम आढळले, मागाहून घरातही आढळले. १३ नोव्हेंबरच्या रात्री एका वृत्तपत्राच्या बातमीदारास भेटावयास ती एकटी मोटार घेऊन निघाली. वाटेत मोटार रस्ता सोडून मोरीवर आदळली आणि वयाच्या २८ व्या वर्षी तिचा अंत झाला. तिच्याजवळ कागदपत्रे होती असे तिचे सोबती सांगत. ती सापडली नाहीत. पोलिसांच्या मते तीस डुलकी लागली होती. युनियनने ते मानले नाही. या मृत्यूवर पुस्तके झाली, १९८३ साली चित्रपटही निघाला. त्या वादात आम्ही शिरत नाही. आम्हांस एवढेच दाखवावयाचे आहे की, अणुकारखान्यातील दोष सांगणाऱ्याच्या रक्षणासाठी म्हणून केलेला एकही कायदा त्या दिवशी अमेरिकेत नव्हता; आणि ज्या आयोगाकडे तिने गाऱ्हाणे नेले त्याच्याकडेच अणुशक्तीचा प्रसार व तिचे नियंत्रण अशी दोन्ही कामे होती. माल विकणाराच मापे तपासणार! ती दोन कामे अलग करणारा कायदा तिच्या मृत्यूपूर्वी महिनाभर आधी संमत झाला होता, पण नवा अणुनियंत्रण आयोग कामास लागला तो १९७५ च्या जानेवारीत.

सिल्कवुडच्या वारसांनी लावलेल्या दाव्यात १९७९ साली ज्यूरीने कंपनीस १ कोटी ५ लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम देण्यास सांगितले. त्यातील दंडादाखलचा भाग संस्थानाच्या कायद्यान्वये देता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली पाच विरुद्ध चार मतांनी दिला, आणि शेवटी १९८६ साली १३ लक्ष ८० हजार डॉलरांवर तडजोड झाली.

यापूर्वीच, १९७८ साली, विधिमंडळाने वर सांगितलेल्या कायद्यास २१० वे कलम जोडले. अणुकारखान्यातील दोषाबद्दल कामगाराने तक्रार केली म्हणून मालकाने त्यास काढू नये वा छळू नये. तसे झाल्यास त्याने ३० दिवसांच्या आत मजूरखात्याकडे अर्ज करावा. अर्ज खरा ठरल्यास त्यास नोकरी व मधला पगार परत मिळावा, असा त्याचा आशय. वाचताना सर्व ठीक वाटते. पण तक्रार कोणाजवळ केलेली म्हणजे तक्रार? सरकारजवळच, की आपल्या वरिष्ठाजवळ केलेलीही चालेल? हे त्यात स्पष्ट नव्हते. १९८४ साली दोन अपील न्यायालयांनी त्याची दोन उत्तरे दिली. वॉशिंग्टन संस्थानातील एका तपासनिसाच्या प्रकरणात, दोष दाखविणे हेच तपासनिसाचे काम असल्यामुळे त्यास संरक्षण आहे, असे ठरले. टेक्सासमधील कोमांचे पीक येथील तपासनिसाच्या प्रकरणात मात्र, सरकारशी संपर्क साधल्याखेरीज कायद्याचा आसरा नाही, असे ठरले. या दुसऱ्या निर्णयाचा अर्थ पाहावा. जो प्रामाणिक नोकर घरची गोष्ट प्रथम घरात सांगतो, तो उघडा पडला. जो वरिष्ठास वगळून थेट सरकारदरबारी जातो, तो सुरक्षित राहिला. स्वामिनिष्ठेस अशी शिक्षा देण्याचा विधिमंडळाचा हेतू असेल, असे आम्हांस वाटत नाही.

त्याच वर्षीची व्हेरा इंग्लिश या बाईंची हकीकत आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते. नॉर्थ कॅरोलिनातील विल्मिंग्टन येथे जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या अणुइंधनाच्या कारखान्यात त्या १९७२ पासून प्रयोगशाळेत काम करीत. सोबती सांडलेले किरणोत्सारी द्रव्य पुसत नाहीत, ही त्यांची तक्रार त्यांनी वरिष्ठांजवळ केली, अणुनियंत्रण आयोगाकडेही केली. कोणी दाद घेईना. तेव्हा एके दिवशी मागच्या पाळीच्या लोकांनी युरेनियमने माखून ठेविलेले टेबल त्यांनी पुसले नाही. डागांभोवती लाल फीत चिकटवून ते सर्वांच्या डोळ्यांत भरेल असे केले. काही दिवसांनी पाहतात तो डाग जसेच्या तसे, आणि भोवती फीत! आपल्याकडे लाल फितीचा अर्थ काय होतो हे वाचकांस सांगावयास नकोच. येथे मात्र ती कामाच्या बाईने, काम व्हावे म्हणून, लाविली होती. त्यांनी वरिष्ठास बोलावून ते दाखविले. काम थांबवून टेबल स्वच्छ झाले, आणि मग कंपनीने आरोप ठेविला तो बाईंवरच: जाणूनबुजून किरणोत्सारी डाग पुसले नाहीत!

३० एप्रिल १९८४ रोजी त्यांस कळविण्यात आले की, किरणोत्सारी द्रव्याशी संबंध नाही अशी दुसरी जागा ९० दिवसांत मिळविली नाही तर नोकरी जाईल. १५ मे रोजी हा निर्णय कायम झाल्याचे सांगण्यात आले. जागा मिळाली नाही. ३० जुलैस नोकरी गेली. ऑगस्टात बाईंनी अर्ज केला. चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने कंपनीने कायदा मोडला असे ठरविले. परंतु मजूरमंत्र्यांनी अर्ज फेटाळला, कारण ३० दिवस मोजावयाचे ते नोकरी गेल्या दिवसापासून नव्हे, तर १५ मेपासून! सामान्य मनुष्य पोटावर पाय आल्यावर दाराशी जातो, पाय उचलला जात असतानाच नव्हे. बाईंनी संस्थानाच्या कायद्याखाली मनस्तापाच्या भरपाईचा दावा लावला. असा दावा लावता येतो, असा एकमुखी निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९० च्या जूनमध्ये दिला; तोवर नोकरी जाऊन सहा वर्षे होत आली होती.

१९९२ साली कायदा दुरुस्त झाला, आणि ती दुरुस्ती वाचताना वरील माणसे ओळीओळींतून डोकावतात. वरिष्ठाजवळ केलेली तक्रारही आता तक्रार ठरली. ३० दिवसांचे १८० झाले. पुराव्याचा भारही वाटून देण्यात आला: तक्रार हे बडतर्फीचे एक कारण होते एवढे कामगाराने दाखवावे, मग तक्रार नसती तरी काढलेच असते, हे मालकाने स्पष्ट व खात्रीलायक पुराव्याने सिद्ध करावे. हा शेवटचा भाग आमच्या मते सर्वांत मोलाचा. मालकाच्या मनात काय होते याचा पुरावा मालकाच्याच कपाटात असतो. तो कामगाराने आणावा म्हणणे म्हणजे चोरीचा माल चोराकडून मागून आणण्यास सांगणे होय.

तरीही कायदा पोहोचत नाही अशा जागा राहिल्याच. कनेक्टिकटमधील मिलस्टोन केंद्रात जॉर्ज गॅलाटिस या इंजिनियरांच्या लक्षात आले की, पहिल्या भट्टीतील इंधन बदलताना सगळेच्या सगळे इंधन, पुरते निवण्यापूर्वी, थंड पाण्याच्या टाकीत उतरविले जाते. परवान्यास हे धरून नव्हते. कंपनीत दोन वर्षे सांगून झाल्यावर ते आयोगाकडे गेले, तो आयोगासही ही रीत ठाऊक असल्याचे निघाले. मार्च १९९६ मध्ये टाइम साप्ताहिकाने त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले तेव्हा कोठे हालचाल झाली. मिलस्टोनच्या तिन्ही भट्ट्या बंद राहिल्या; पहिली तर पुन्हा चालू झालीच नाही. त्याच ऑक्टोबरात आयोगाने कंपनीस हुकूम केला की, कामगारांच्या तक्रारींची व्यवस्था कशी चालते यावर बाहेरच्या त्रयस्थांची देखरेख ठेवावी. पंप व झडपांबरोबरच कामगार निर्भयपणे बोलतात की नाही हेही भट्टी चालू करण्यापूर्वी पाहिले जावे, ही कल्पना आम्हांस अत्यंत शहाणपणाची वाटते.

जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या भट्ट्या परदेशांतही होत्या, आणि तेथे हा कायदा जात नव्हता. त्या कंपनीचे तपासनीस केई सुगाओका हे जन्माने अमेरिकन. जपानमधील फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीत वाफ सुकविणाऱ्या यंत्रास १९८९ साली त्यांना तडे दिसले; चित्रफितीतून ते काढून टाकण्यास सांगण्यात आले. पुढे नोकरी गेल्यावर जून २००० मध्ये त्यांनी जपान सरकारास पत्र लिहिले. सरकारी खात्याने काय करावे? ज्या वीजकंपनीविरुद्ध तक्रार, तिलाच तक्रारदाराचे नाव कळविले! खोट्या नोंदींचे प्रकरण बाहेर पडावयास ऑगस्ट २००२ उजाडला. कंपनीच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, आणि एप्रिल २००३ पर्यंत तिच्या सतराही भट्ट्या तपासणीसाठी बंद कराव्या लागल्या. जागल्यांच्या रक्षणाचा कायदा जपानने २००४ साली केला. त्या तड्यांचा २०११ च्या अपघाताशी संबंध जोडणे न्यायाचे होणार नाही. तो त्सुनामीने झाला. पण त्सुनामीचा धोका असो की यंत्रातील तडा, ऐकून घेण्याची सवय दोहोंस एकच लागते.

याच जनरल इलेक्ट्रिकने बांधलेल्या दोन भट्ट्या आपल्या तारापूरच्या किनाऱ्यावर १९६९ साली वीज देऊ लागल्या. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ साली स्थापन झाले, तेही अणुशक्ती आयोगाच्या छायेत. १९९५ साली या मंडळाने सुमारे १३० उणिवांची यादी केली, ती गोपनीय राहिली; १९९६ साली अध्यक्षपदावरून उतरल्यावर डॉ. गोपालकृष्णन यांनी त्याविषयी जाहीरपणे लिहिले. जेथे खुद्द पहारेकऱ्यांच्या मुख्यास पहारा संपल्यावर हाक मारावी लागली, तेथे तपासनिसाने काय करावे? २०१४ साली संसदेने जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत केला. राष्ट्रपतींची संमती मिळाली, पण तो अंमलात यावयाची तारीख वर्षानुवर्षे जाहीर झाली नाही. आणि त्यातील शब्द पाहावेत तर ते सरकारी नोकराचा भ्रष्टाचार, अधिकाराचा दुरुपयोग व फौजदारी गुन्हा यांविषयी आहेत. ज्यात कोणी पैसा खाल्लेला नाही, कोणी गुन्हा केलेला नाही, केवळ एक नळ गंजलेला आहे व तो बदलण्याचे दरवर्षी पुढे ढकलले जात आहे, अशा गोष्टीस त्या कायद्यात आम्हांस जागा सापडली नाही.